दोन पतसंस्थांचे सामाईक कर्जदार शोधायचेत, पण यादी कोणी कोणाला दाखवणार नाही. हॅश करून चालेल का?

किर्दवही

नमस्कार मंडळी. एकाच तालुक्यातल्या दोन पतसंस्था. एकीकडे सुमारे १,८०,००० सभासद, दुसरीकडे ४२,०००. दोघांनाही संशय आहे की काही जण इकडून कर्ज घेऊन तिकडचा हप्ता भरतात. सामाईक नावं काढायची आहेत, पण यादी हातात दिली की समोरचा आपले सभासद फोडणार ही भीती दोन्हीकडे सारखीच.

सध्याचा बेत असा: मोबाइल नंबरला एसएचए-२५६ हा हॅश लावायचा (म्हणजे कोणत्याही मजकुराचा ठरलेल्या लांबीचा आकडा करणारं सूत्र), आधी दोघांनी मिळून ठरवलेला एक गुप्त शब्द जोडायचा, हॅशची फाइल अदलाबदल करायची आणि जुळणाऱ्या ओळी काढायच्या.

माझे प्रश्न:
१. एवढं पुरेसं आहे का?
२. जे सामाईक निघतील त्यांच्याबाबत दोन्हीकडच्या कर्जाची बेरीज ५ लाखांच्या वर जाते का, इतकंच कळायला हवं. कोणाकडे किती थकलंय हे नको.

मोबाइल सगळ्यांचे आहेत, पॅन साधारण निम्म्यांचे. मशीन म्हणजे ऑफिसातले साधे डेस्कटॉप, नेट १० एमबीपीएस.

बाकी_शून्य

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. जवळपास मूळ यादी देण्यासारखंच आहे ते.

हॅश उलटा फिरवता येत नाही हे खरं, पण इथे उलटा फिरवायची गरजच पडत नाही. भारतातला मोबाइल नंबर १० आकडी, सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ ने. म्हणजे शक्य नंबर एकूण ४०० कोटी. समोरचा सगळ्या ४०० कोटींचे हॅश काढेल आणि तुमच्या फाइलशी ताडून बघेल. गेमिंगच्या एका चांगल्या ग्राफिक्स कार्डाला हे काही सेकंदांचं काम, साध्या डेस्कटॉपला फार तर काही तासांचं. तुमचा 'गुप्त शब्द' इथे कामाला येत नाही, कारण ज्याच्यापासून लपवायचं त्यालाच तो माहीत आहे. अशा जोडलेल्या शब्दाला सॉल्ट, म्हणजे मीठ, म्हणतात; तुमचं मीठ अळणी आहे असं समजा.

पॅन घेतलात तरी फार फरक नाही. पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. त्यात चौथं अक्षर व्यक्तीसाठी ठरलेलं. उरले साधारण १.२ × १०^११ पर्याय. पाचवं अक्षर आडनावाचं आद्याक्षर आणि शेवटचं पडताळणीचं, त्यामुळे प्रत्यक्षात आणखी कमी. मुद्दाम संथ चालणारा हॅश वापरला तर वेळ वाढेल, पण तुमचाही वाढेल, आणि हल्ला करणाऱ्याला तो खर्च एकदाच करायचा असतो.

टकळी

ब्लूम फिल्टर बनवून द्या ना. त्यात मूळ नंबर नसतातच, फक्त बिट असतात. आम जनतेला तेवढं पुरे.

बाकी_शून्य

@टकळी, बिट असले तरी 'हा नंबर आहे का' हे विचारता येतंच, त्यासाठीच तर फिल्टर असतो. मग ४०० कोटी वेळा विचारा. फिल्टर अधूनमधून चुकून 'हो' म्हणतो; ते हजारात एकदा धरलं तर ४० लाख खोटे नंबर निघतील आणि त्यांच्यात ४२ हजार खरे मिसळलेले असतील. शंभरात एक खरा. पण तालुक्याच्या मतदारांपैकी कोणाचे नंबर कोणते हे ज्याच्याकडे आधीच आहे, त्याला हा कचरा गाळायला कितीसा वेळ लागतो?

मूळसंख्या

तुम्हाला जे हवंय त्याला प्रायव्हेट सेट इंटरसेक्शन म्हणतात, थोडक्यात पीएसआय. (आपल्याकडे पीएसआय म्हटलं की फौजदार उभा राहतो, म्हणून संचालक मंडळासमोर हा शब्द जरा जपून.) शाळेत शिकलो तोच संचांचा छेद, फक्त छेदाबाहेरचं काहीही कोणाला दिसू न देता काढलेला. कल्पना जुनी आहे: कॅथरीन मेडोज यांनी १९८६ मध्ये तिचा गाभा मांडला, १९९९ मध्ये ह्युबरमन, फ्रँकलिन आणि हॉग यांनी याद्या जुळवण्यासाठी ती वापरली. तुमच्या आकाराच्या यादीला आजही तीच सगळ्यात सोयीची.

समजा दोन कुलपं अशी आहेत की कोणतं आधी लावलं याने फरक पडत नाही. थोरल्या संस्थेचं कुलूप अ, धाकटीचं ब. आधी अ मग ब, किंवा आधी ब मग अ, शेवटी वस्तू सारखीच दिसते. मात्र एकट्याने दुसऱ्याचं कुलूप काढता येत नाही. गणितात कुलूप म्हणजे घात: पायाला अ घात, मग ब घात, उत्तर अब घात.

लहान आकड्यांवर करून बघा. सगळे गुणाकार २३ ने भागून उरलेल्या बाकीत. थोरलीचे तीन सभासद हॅश होऊन २, ३, १३ झाले. तिचा गुप्त घातांक ३. ती पाठवते ८, ४, १२. धाकटीचा घातांक ७. ती आलेल्या तिन्हींचा ७ वा घात करून त्याच क्रमाने परत देते: १२, ८, १६. शिवाय स्वतःचे दोन सभासद, ३ आणि ९, यांचा ७ वा घात: २ आणि ४. थोरली या दोघांचा ३ रा घात करते: ८ आणि १८. आता दोन्ही याद्यांत ८ सामाईक. थोरलीच्या क्रमात तो दुसरा, म्हणजे तिचा '३' वाला सभासद दोन्हीकडे आहे. धाकटीचा ९ कोण हे थोरलीला कळलं नाही. २ आणि १३ कोण हे धाकटीला कळलं नाही. २३ इतक्या लहान संख्येत अर्थात मोजून फोडता येईल, म्हणून खऱ्या कामाला लंबवर्तुळी वक्र वापरायचा (तिथे संख्येच्या जागी वक्रावरचा बिंदू आणि घाताच्या जागी बिंदूचा गुणाकार येतो). मी रिस्ट्रेटो२५५ सुचवेन: त्याच्या बिंदूंची संख्या मूळसंख्या आहे, त्यामुळे लहान उपगटाचे घोळ होत नाहीत, आणि प्रत्येक बिंदू ३२ बाइटमध्ये मावतो.

तुमच्या आकड्यांना हिशोब असा. थोरलीकडून १,८०,००० बिंदू, ५.७६ एमबी. धाकटीकडून तेच परत आणि स्वतःचे ४२,०००, मिळून ७.१ एमबी. दोघींनाही उत्तर हवं असेल तर थोरली धाकटीचे दुहेरी कुलपाचे बिंदू धाकटीच्या क्रमाने परत पाठवते, आणखी १.३४ एमबी. एकूण १४ एमबीच्या आसपास. तुमच्या लाइनवर पाव मिनिट. प्रत्येकीला २,२२,००० गुणाकार, एकाला ०.१ मिलिसेकंद धरला तरी एका कोअरवर २२ सेकंद. चहा यायच्या आत संपतं.

पाळायच्या गोष्टी:

पाठवण्याआधी यादी पत्त्यांसारखी पिसा आणि पिसलेला क्रम स्वतःकडे जपा. सभासद क्रमांकानुसार पाठवलीत तर जागेवरूनच बरंच कळतं.

एकच नंबर यादीत दोनदा नको. गावाकडे एका मोबाइलवर घरातले चौघे सभासद असतात. तसेच पाठवलेत तर एकच बिंदू चार वेळा दिसेल आणि समोरच्याला कळेल की इथे एक चौघांचं घर आहे.

घातांक दर वेळी नवा, ऑपरेटिंग सिस्टिमच्या यादृच्छिक स्रोतातून. पायथॉनमध्ये 'सीक्रेट्स' मॉड्यूल, 'रँडम' नव्हे. मागच्या महिन्याचाच घातांक वापरलात तर समोरचा दोन फाइल ताडून सांगेल की या महिन्यात तुमचे किती सभासद गेले, किती आले.

आलेला प्रत्येक बिंदू वैध आहे का आणि शून्यबिंदू तर नाही ना, हे तपासा. लिबसोडियम या कूटलेखनाच्या लायब्ररीतलं रिस्ट्रेटो२५५ चं गुणाकार फंक्शन अशा वेळी उणे एक परत देतं. ती परतीची किंमत न बघता पुढे जाणारा कोड फार दिसतो.

नुसती सामाईकांची संख्या हवी असेल तर परत देताना धाकटीने पुन्हा पिसायचं, एवढाच बदल.

किर्दवही

@मूळसंख्या, ८ वर येऊन जुळलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, आभार. आमच्या सॉफ्टवेअरवाल्याने लगेच नमुना लिहिला. त्याने नंबरचा एसएचए-२५६ काढून तो आकडा म्हणून घेतला, आणि वक्राच्या ठरलेल्या मूळ बिंदूला त्याने गुणलं. मग वर गुप्त घातांक. चाचणीत उत्तरं बरोबर येतात. ठीक आहे ना?

मूळसंख्या

नाही! चाचणीत उत्तरं बरोबर येतात म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं टिकते.

त्याच्या पद्धतीत नंबरचा बिंदू म्हणजे मूळ बिंदू गुणिले हॅश. आता थोरली संस्था स्वतःच्या एका नंबरचा परत आलेला बिंदू घेते. त्यातला स्वतःचा घातांक ती काढून टाकू शकते, कारण तो तिला माहीत आहे. हॅशही काढून टाकू शकते, कारण नंबर तिचाच आहे. दोन्ही व्यस्त गुणाकाराने, एका ओळीत. हातात राहिला मूळ बिंदू गुणिले ब. यापुढे ४०० कोटी नंबरांपैकी कोणत्याही नंबरसाठी धाकटीने काय पाठवलं असतं हे ती घरबसल्या काढू शकते. धाकटीची सगळी यादी उघडी.

हॅश थेट वक्रावरच्या अशा बिंदूवर न्यायला हवा, ज्याचं मूळ बिंदूशी नातं कोणालाच माहीत नसेल. आरएफसी ९३८० या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात (२०२३) याच्या पद्धती लिहून ठेवल्या आहेत. लिबसोडियममध्ये: नंबरचा एसएचए-५१२ काढा, येणारे ६४ बाइट रिस्ट्रेटो२५५ च्या 'फ्रॉम हॅश' फंक्शनला द्या, बिंदू मिळेल. हॅशच्या आधी कामाचं नाव आणि तारीख जोडा, जसं 'सामाईक-कर्जदार-मोबाइल-' आणि दिनांक, म्हणजे पॅनची फेरी आणि मोबाइलची फेरी एकमेकांत मिसळणार नाही.

खरं सांगायचं तर स्वतः लिहू नका. ओपनमाइंडची पीएसआय लायब्ररी आहे, गूगलने २०१९ मध्ये खुला केलेला प्रायव्हेट जॉइन अँड कंप्यूट आहे. दोन्ही याच कल्पनेवर.

खतावणी_आणि_मी

क्रिप्टोचं, म्हणजे कूटलेखनाचं, वरच्यांनी सांगितलं. प्रत्यक्षात घोडं पेंड खातं ते नंबर लिहिण्याच्या पद्धतीवर. हॅशला एका बाइटचा फरकही पुरतो, आणि पीएसआयमध्ये न जुळलेलं काहीच दिसत नसल्यामुळे 'का जुळलं नाही' हे बघायची सोयच नसते. म्हणून सफाई आधी, दोन्हीकडे एकाच स्क्रिप्टने.

मोबाइल: मोकळ्या जागा, आडव्या रेघा, सुरुवातीचा ०, +९१, ९१ हे सगळं काढा, शेवटचे १० आकडे उरले पाहिजेत आणि पहिला ६ ते ९. ९१ लावलेला १२ आकडी नंबर एक्सेलमध्ये संख्या म्हणून पडला आणि फाइल सीएसव्ही करून जपली की शेवटचे आकडे कायमचे जातात, त्या जागी ई+११ अशी नोंद उरते. अशा ओळी गाळा, मूळ सॉफ्टवेअरमधून पुन्हा काढा. रकाना आयात करताना 'टेक्स्ट' निवडा.

देवनागरी आकडे: जुन्या मराठी सॉफ्टवेअरमधून ९८ असं आलेलं असतं. पायथॉनचं इंट ते बिनतक्रार वाचतं, त्यामुळे चाचणी पास होते. पण हॅश बाइटवर चालतो आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरी आकडा ३ बाइट घेतो, इंग्रजी १. जुळणार नाहीच.

पॅन: सगळं मोठ्या लिपीत. सहा ते नऊ या जागी आकडेच असतात, त्यामुळे तिथे 'ओ' दिसला तर तो शून्य. बाकी जागी उलट.

नावावर जुळवण्याच्या भानगडीत पडू नका. 'ऱ्हाटकर' मधला ऱ्ह दोन टायपिस्ट दोन वेगवेगळ्या कोडबिंदूंनी लिहितात, मधेच न दिसणारा जोडक घुसलेला असतो. एनएफसीने (युनिकोडमधलं लेखन एकसारखं करण्याची पद्धत) त्यातलं थोडं सुधारतं, पण इंग्रजीत लिहिलेल्या नावाला तोही उपाय नाही.

आणि मोबाइल जुळला म्हणजे माणूस तोच असं नाही. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. म्हणून पॅन आहे तिथे पॅनची फेरी, नाही तिथे मोबाइलची, आणि मोबाइलच्या जुळणीला फक्त 'चौकशी करा' एवढाच अर्थ.

गुणाकार

एवढा खटाटोप कशाला? दोघांच्या विश्वासातला तिसरा माणूस असेल तर सोपं काम आहे. दोन्ही संस्था ३२-३२ बाइट यादृच्छिक देतात, एकमेकांना दाखवतात, एक्सॉर करून (बिटागणिक मिसळून) एक किल्ली होते. त्या किल्लीने एचमॅक-एसएचए-२५६, म्हणजे किल्ली मिसळून काढलेला हॅश. फाइल एकमेकांना द्यायच्याच नाहीत, दोघांनी तिसऱ्याकडे द्यायच्या. तो जुळणाऱ्या ओळींचे क्रमांक परत देतो. किल्ली त्याच्याकडे नाही, म्हणून ४०० कोटींची युक्ती त्याला चालत नाही. १५ ओळींचा कोड.

मूळसंख्या

पद्धत चुकीची नाही, आणि एकदाच करायचं असेल तर मी पण विरोध करणार नाही. पण तो तिसरा आणि दोघांतला एक मिळाले की खेळ संपला: एकाकडे किल्ली, दुसऱ्याकडे फाइल. तालुक्याच्या गावात तिसरा कोण असतो? बऱ्याचदा दोन्हीकडचा लेखापरीक्षक एकच, आणि त्याच्याकडे एका संस्थेचं ऑफिस कॉम्प्युटर दुरुस्त करणारा पोरगाच बसलेला असतो. शिवाय त्याची फाइल त्याच्या पेनड्राइव्हवर किती वर्षं राहील याची हमी कोण घेणार? घातांकाच्या पद्धतीत दोघांनी घातांक पुसून टाकले की मागे काहीच उरत नाही.

गुणाकार

पेनड्राइव्हचा मुद्दा मान्य. बाकी, दोन संस्थांच्या संचालकांना 'वक्रावरचा बिंदू' समजावण्यापेक्षा 'साहेबांकडे पाकीट बंद' हे समजावणं सोपं. तेही मोजा.

बाकी_शून्य

आता दुसरा प्रश्न, बेरीज ५ लाखांवर जाते का. हा अँड्र्यू याओ यांनी १९८२ मध्ये मांडलेला लक्षाधीशांचा प्रश्न: दोन श्रीमंत, कोण जास्त श्रीमंत हे कळावं पण संपत्ती सांगायची नाही.

एक युक्ती आधी. दोन आकडे गुप्तपणे मिळवून मग तुलना करायची गरज नाही. थोरलीचं कर्ज अ, धाकटीचं ब. अ + ब > ५,००,००० म्हणजेच अ > ५,००,००० − ब. उजवी बाजू धाकटी स्वतःच काढते. बेरीज गेली, उरली नुसती तुलना. ब ५ लाखांपेक्षा जास्त असेल तर उजवी बाजू ऋण होते आणि बिनचिन्हाच्या आकड्यात ती अवाढव्य दिसून उत्तर उलटं येतं. म्हणून तिथे ० घाला. सामाईक कर्जदाराचं अ शून्यापेक्षा जास्तच असणार, तेव्हा उत्तर बरोबर 'हो' येईल. नुसते ठेवीदार यात घालू नका.

तुलनेसाठी गार्बल्ड सर्किट. एकाने तुलनेचं सर्किट, म्हणजे बिटांवरच्या छोट्या पायऱ्यांची (गेटांची) साखळी, बनवायचं, प्रत्येक तारेच्या ० आणि १ ला १६ बाइटचं यादृच्छिक लेबल द्यायचं, प्रत्येक गेटचा तक्ता त्या लेबलांनी कूटबद्ध करायचा. दुसऱ्याला स्वतःच्या बिटांची लेबलं ऑब्लिव्हियस ट्रान्स्फरने मिळतात, म्हणजे देणाऱ्याला कोणतं नेलं हे कळत नाही आणि घेणाऱ्याला न नेलेलं कळत नाही. मग तो सर्किट आंधळेपणाने सोडवतो आणि शेवटी एक बिट. रुपयात २४ बिट घ्या, १ कोटी ६७ लाखांपर्यंत पुरतात. २४ बिटांच्या तुलनेला २४ अँड गेट लागतात, एक्सॉर गेट फुकट पडतात (कोलेस्निकोव्ह-श्नायडर, २००८), आणि हाफ गेट पद्धतीत (२०१५) प्रत्येक अँडला ३२ बाइट. म्हणजे कर्जदारामागे ७६८ बाइटचे तक्ते, वर लेबलं आणि ट्रान्स्फर. सामाईक ३,००० निघाले तरी काही एमबीत काम. ईएमपी टूलकिट किंवा एमपी-एसपीडीझेड या तयार लायब्ऱ्यांपैकी एक वापरा.

आता गळती. समजा थोरलीकडे त्या माणसाचं ४,९०,००० आहे आणि उत्तर 'नाही' आलं. तिला कळलं की धाकटीकडे १०,००० पेक्षा जास्त नाही. हे कोणत्याही क्रिप्टोने थांबत नाही, कारण ते उत्तरातच आहे. ते चालणार नसेल तर प्रश्नच बदला, उदाहरणार्थ माणसागणिक न सांगता 'इतके जण वर आहेत' एवढंच.

त्याहून वाईट म्हणजे तोच प्रश्न पुन्हा पुन्हा. धाकटी दर वेळी वेगळा ब घालून विचारत राहिली तर दर उत्तराला थोरलीच्या रकमेची शक्यता निम्मी होते. ० ते ५ लाख या पट्ट्यात हजाराच्या आसपासची रक्कम कळायला ९ वेळा पुरेत, रुपयापर्यंत १९ वेळा. म्हणून एका कर्जदारावर एक तुलना, मर्यादा करारात लिहिलेली, पुढची फेरी तीन महिन्यांनी. संख्या काढण्याच्या फेरीतही हाच धोका: आज १,२४० सामाईक, उद्या एकच माणूस जास्त घालून १,२४१. तो माणूस तिकडे आहे.

टकळी

सोशलिस्ट मिलियनेअर असंही काहीतरी असतं ना? ओटीआर या गुप्त चॅटच्या पद्धतीत?

बाकी_शून्य

असतं. याकोब्सन आणि युंग, १९९६. दोघांच्या मनातला एकच आकडा सारखा आहे की नाही एवढंच कळतं. दोन माणसांनी ठरवलेला परवलीचा शब्द ताडायला उत्तम. पण १,८०,००० विरुद्ध ४२,००० म्हणजे प्रत्येक जोडीसाठी एक फेरी, साडेसातशे कोटी फेऱ्या. इथे नको.

खतावणी_आणि_मी

एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही. वरचं सगळं धरून चालतं की दोघंही स्वतःची खरी यादी घालतील. धाकटीने ४२,००० सभासदांच्या जागी तालुक्यातल्या बड्या व्यापाऱ्यांचे ४२,००० नंबर घातले तर? प्रोटोकॉल बिनचूक चालेल आणि थोरलीचे बडे खातेदार तिच्या हातात पडतील. गार्बल्ड सर्किटची फसवणूकरोधक आवृत्ती घेतली (ईएमपीमध्ये २०१७ ची वांग, रानेलुची आणि काट्झ यांची पद्धत आहे) तरी त्या आवृत्तीला एवढंच कळतं की पायऱ्या खऱ्या होत्या. आकडे खरे होते का हे तिला कसं कळावं?

त्याला उपाय कागदावरचा. फेरीच्या आधी दोघांनी साफ केलेली फाइल गोठवायची, तिच्या शेवटी ३२ यादृच्छिक बाइट जोडून एसएचए-२५६ काढायचा आणि तो हॅश एकमेकांना व लेखापरीक्षकाला लेखी द्यायचा. फाइल कोणालाच नाही. इथे हॅश सुरक्षित आहे, कारण ते ३२ बाइट अंदाजाने काढता येत नाहीत. नंतर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ८१ चं लेखापरीक्षण होतं, तेव्हा ज्याचा त्याचा लेखापरीक्षक फाइल उघडून हॅश जुळवेल आणि खतावणीतल्या सभासदांशी ताडेल. खोटे नंबर घातले असतील तर तेव्हा पकडले जातील. किती बिंदू पाठवणार हे आधीच करारात लिहा आणि त्याहून जास्त आले तर फेरी तिथेच थांबवा.

मोडतोड पकडायला सापळा: १ ने सुरू होणारे ५० खोटे नंबर दोघांनी मिळून ठरवा आणि दोन्ही याद्यांत घाला. १ ने खरा मोबाइल सुरू होत नाही, त्यामुळे गोंधळ नाही. कुलूप लावून पिसलेल्या यादीत ते कुठे आहेत हे समोरच्याला ओळखता येत नाही. त्याने थोरलीच्या बिंदूंपैकी १० टक्के जरी बिघडवून परत दिले तरी पन्नासही सापळे वाचण्याची शक्यता ०.९ चा ५० वा घात, म्हणजे हजारात सुमारे पाच. निकालात ५० च्या ५० आले नाहीत तर फेरी रद्द. सफाईच्या स्क्रिप्टमधली '६ ते ९' ची अट या पन्नासांना लावू नका, नाहीतर दोघांकडेही ते गळतील आणि उगाच एकमेकांवर संशय घ्याल.

किर्दवही

हे संचालकांना पटेल. दोन शंका. थोरलीला उत्तर आधी कळतं. तिने शेवटची फाइल पाठवलीच नाही तर? आणि कायद्याचं काय, नंबर उघड होत नाहीत म्हणजे सभासदांची संमती लागणार नाही ना?

मूळसंख्या

पहिली शंका रास्त आहे आणि तिला पूर्ण उत्तर नाही. रिचर्ड क्लीव यांनी १९८६ मध्येच दाखवलं की दोघांच्या प्रोटोकॉलमध्ये एकाने मध्येच हात झटकले तर पूर्ण न्याय साधारणपणे देता येत नाही. व्यवहारात यादीचे १० तुकडे करा आणि तुकड्यागणिक शेवटची पायरी आळीपाळीने करा. कोणी थांबलाच तर फार तर एका तुकड्याचा फायदा होईल. तुकडे पाडताना दोन्हीकडे तोच नंबर त्याच तुकड्यात जायला हवा: साफ केलेल्या नंबरचा शेवटचा आकडा घ्या, ० ते ९, झाले दहा. पॅनला शेवटी अक्षर असतं, तिथे नवव्या जागेवरचा आकडा घ्या. त्यात प्रत्येक तुकड्यात किती नंबर हे उघड होतं, म्हणून यादृच्छिक बिंदू भरून सगळे तुकडे ठरलेल्या आकाराचे करा: थोरलीचे २०,००० चे, धाकटीचे ५,००० चे. सापळ्याचे नंबरही दर तुकड्यात ५ पडतील असे निवडा. आणि प्रत्येक तुकड्याला नवा घातांक.

खतावणी_आणि_मी

दुसऱ्या शंकेवर: संमती लागतेच असं धरून चला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, आणि 'अमुक माणूस दोन्हीकडे कर्जदार आहे' हा निकाल स्वतःच वैयक्तिक माहिती आहे, तो कसाही काढलेला असो. कर्जाच्या अर्जात 'इतर पतसंस्थांशी कर्जाची पडताळणी' असं कलम आहे का ते आधी बघा. जुन्या अर्जांवर नसेल तर त्या सभासदांना यादीतून वगळा आणि वकिलाला दाखवा. गोठवलेल्या फाइलचा हॅश ते सभासद वगळून उरलेल्या यादीचाच काढायचा.

किर्दवही

समजलं. आधी दोन्हीकडून ५०० बनावट नंबरांची यादी करतो, त्यात ३७ मुद्दाम सामाईक, काही +९१ वाले, काही देवनागरी आकड्यांतले.

खतावणी_आणि_मी

एखाददुसरा नंबर यादीत दोनदाही टाका, आणि सामाईकांपैकी एकाच्या शेवटी मोकळी जागा. ३७ च्या जागी ३६ आले तर स्क्रिप्ट शेवटची जागा काढत नाहीये.